अठरावी साक्ष

स्कूटर उडाली ती फार तर वीतभर. पण मागे बसलेल्या यशयाच्या कमरेतून निघालेली कळ थेट मानेपर्यंत गेली, आणि मांडीवरची केकची पेटी छातीशी आवळता आवळता त्याच्या तोंडून अर्धी शिवी बाहेर पडली. उरलेली अर्धी त्याने गिळली, कारण स्कूटर पोरगी चालवत होती आणि संध्याकाळी घरी प्रार्थना होती. "कुणी टाकलाय हा मेला दगड मधोमध!" दया ओरडली. "टँकरवाल्याने लावला असेल चाकाला आणि गेला तसाच. पप्पा, लागलं का?" पाइपलाइन रोडला त्या वेळी ही गर्दी असते, मागून हॉर्न वाजायला लागले होते. यशया म्हणाला, "थांब." ती म्हणाली, "अहो पण लागलं का?" तो पुन्हा म्हणाला, "थांब म्हणतो ना." तिने स्कूटर एका मेडिकलच्या दुकानासमोर कडेला घेतली. त्याने पेटी तिच्या हातात दिली आणि तो उलट्या दिशेने, गाड्यांच्या तोंडावर, चालत निघाला. "जाऊ द्या ना पप्पा," ती मागून म्हणाली, "काढेल कुणीतरी." हे ऐकून तो जागच्या जागी थबकला, आणि एका मोटरसायकलवाल्याने त्याला वळसा घालताना जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

दगड काळा होता, मध्यम भोपळ्याएवढा. एका बाजूने टायर घासून पांढरट पडलेला. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला असा दगड वाचता येतो. गाडीचं तोंड कुठे होतं, भरलेली होती की रिकामी, किती वेळ उभी होती, सगळं. ही गाडी भरलेली होती, तोंड चढाकडे होतं, आणि ड्रायव्हर घाईत होता. किंवा एकटा होता. आता ट्रकवर क्लीनर ठेवतंय कोण? खाली उतरायचं, दगड लावायचा, परत चढायचं, गाडी पुढे घ्यायची, आणि दगड काढायला पुन्हा उतरायचं म्हटलं तर गाडी पुन्हा मागे येणार. म्हणजे एकट्या ड्रायव्हरने दगड लावला की तो राहणारच. हे यशयाला इतकं नीट ठाऊक होतं की त्या टँकरवाल्याचा त्याला रागसुद्धा आला नाही. तो खाली वाकला. कमर म्हणाली, नको. मागे रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना. "ओ काका, रस्ता काय तुमच्या नावावर हाय का? व्हा की बाजूला!" यशयाने दगड उचलला, पोटाशी धरला आणि कडेला आणला. गटार उघडं होतं पण काठोकाठ भरलेलं. कडेला ठेवावा तर रात्री दुसरा टँकर येणार आणि हाच दगड घेणार. रस्त्याच्या कडेला चांगला दगड दिसला आणि ड्रायव्हरने तो सोडला, असं होत नाही. शेवटी त्याने तो स्कूटरच्या पायफळीवर, दयाच्या दोन पायांच्या मधे, ठेवला. दया त्याच्याकडे बघतच राहिली. "घरी न्यायचाय?" तो म्हणाला, "हो." ती काही बोलली नाही. गेलं वर्षभर ती त्याच्या बऱ्याच गोष्टींना काही बोलत नव्हती. बाप म्हातारा होतोय हे पोरींना बापाच्या आधी कळतं, आणि त्या उगाच गोड वागायला लागतात. त्याचा त्याला संताप यायचा.

घरी संध्याकाळी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. अठरावं वर्ष. बायकोने, स्टेलाने, कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल केला होता, दर वर्षी करायची तसा. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या, चर्चच्या मंडळीतले वीस-पंचवीस लोक येणार होते, दोन गीतं होणार होती, मग पाळकसाहेब म्हणणार होते, "आता यशयाकाका आपली साक्ष देतील," आणि यशया उठून, हात पुढे बांधून, सतरा वेळा सांगितलेली गोष्ट अठराव्यांदा सांगणार होता. करंजी घाटात, भरलेला ट्रक मागे घसरत असताना, प्रभूने चाकाखाली दगड कसा ठेवला. ही साक्ष मंडळीत प्रसिद्ध होती. सावेडीपासून भिंगारपर्यंत कुणाच्या घरी प्रार्थना असली की पाहुण्यांना सांगायचे, हे ते दगडवाले यशया. मंडळीतल्या जयाबाईंना ती तोंडपाठ होती. यशया कुठे श्वास घेणार हे त्यांना माहीत असायचं, आणि तिथे त्या बरोबर "हालेलूया" म्हणायच्या. पहिल्या वर्षी त्याने सांगितलं होतं, दरी दोन हातांवर राहिली होती. तिसऱ्या वर्षी ती हातभर झाली. मग वीतभर. गेली काही वर्षं चार बोटांवर येऊन थांबली होती, कारण चार बोटांच्या पुढे गाडी दरीत गेली असंच म्हणावं लागलं असतं. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत बघत अंतर आपोआप कमी होत गेलं.

त्या साक्षीने त्याला काय दिलं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेलाचं माहेर मास्तरांचं. बाप मास्तर, दोन भाऊ मास्तर, ती स्वतः मास्तरीण. आणि जावई ट्रक ड्रायव्हर. जेवायला बसलं की सगळे शाळेचं बोलायचे आणि याला विचारायचे, "मग, काय म्हणतो ट्रक?" जणू त्याने म्हैस पाळली होती. मंडळीत तो शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचा, अंगाला डिझेलचा वास येत असेल या धाकाने. ती साक्ष दिली आणि तो दाराजवळून उठून तिसऱ्या बाकावर आला. देवाने ज्याच्यासाठी दगड ठेवला तो माणूस. मेहुण्याने स्वतः हात धरून बसवलं होतं. सासऱ्याने मरताना त्याला जवळ बोलावून प्रार्थना करायला सांगितली होती, मास्तर मुलांना नाही. माणसाला आयुष्यात एवढं एकच काही मिळालेलं असतं आणि ते खोटं असतं, तेव्हा त्याने काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि स्कूटरवर, पायफळीवरच्या दगडाकडे दयाच्या खांद्यावरून बघत असताना, त्याने ठरवून टाकलं की आज सांगायचं. सगळं सांगायचं, दगड पुढे ठेवून.

करंजीचा घाट काही फार मोठा नाही. माळशेज चढलेल्या-उतरलेल्या माणसाने त्याला घाट म्हणावं की नाही, एवढाच. पण भरलेल्या गाडीला चढाची लांबी कळत नाही, वजन कळतं. पाथर्डीकडून सरकीची पोती भरलेली, दोन टन जास्तच, आणि दिवेलागणीची वेळ. श्रीमंत शेजारी बसलेला. श्रीमंत त्याचा क्लीनर, पण वयाने त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पन्नाशीचा, तरी "उस्ताद, उस्ताद" करायचा. एका वळणावर गाडी दमली. यशयाने तिसरा गिअर काढला आणि दुसरा पडेना. एकदा, दोनदा, दात घासल्याचा आवाज आला आणि गाडी क्षणभर जागेवर थांबली. तो क्षण त्याला अजून झोपेत येतो. गाडी पुढे जात नाही आणि मागेही येत नाही, आणि पाठीमागची सगळी सरकी विचार करते आहे. मग ती मागे यायला लागली. ब्रेकवर तो उभाच राहिला, पण ब्रेकच्या हवेचा काटा खाली झोपलेला, पाइप कुठेतरी फाटलेली. हॅण्डब्रेक नावापुरता. आरशात कठडा दिसत होता, आणि कठडा जिथे पडला होता तिथे नुसतंच आभाळ. शेजारचं दार उघडलेलं त्याला कळलंच नाही. श्रीमंत खाली उडी मारून पळत मागे गेला होता, त्याच पडक्या कठड्याचा एक दगड त्याने ओढला आणि मागच्या चाकाखाली घातला. घातला म्हणजे हातांनी सारला आणि पायाने रेटला. चाक दगडावर चढलं, टेकलं, आणि थांबलं. दगडाच्या कडेखाली श्रीमंताच्या पायाचा पंजा होता.

तो ओरडला नाही. यशया मागे गेला तेव्हा तो खाली बसून, ओढून काढलेला पाय दोन्ही हातांत धरून होता. चप्पल फाटून रक्ताने चिकटली होती, आणि तो हवेच्या पाइपकडे बघत होता. "हितं फाटलीय बघा उस्ताद. रबर बांदतो." बसल्या बसल्या, त्या पायाने, त्याने ट्यूबचं रबर फाडून पाइपला करकचून बांधलं. इंजिन चालू ठेवून हवा भरायला वेळ गेला, तोवर अंधारायला आलं. यशयाला एवढंच कळत होतं की इथून निघायचं, आत्ता, हवा आहे तोवर. पहिला गिअर टाकला. अशा वेळी रीत ठरलेली असते. गाडी हातभर पुढे झाली की क्लीनरने दगड उचलायचा, गटारात टाकायचा, आणि पळत येऊन पायरीवर चढायचं. श्रीमंताने आजवर एकदासुद्धा दगड सोडला नव्हता. भर पावसात, चिखलात, मागून पळत यायचा आणि चढल्यावर धापा टाकत म्हणायचा, "काढला." त्या दिवशी तो लंगडत, दार धरून उभा राहिला. "उस्ताद, दगड?" यशया म्हणाला, "राहू दे. तू बस आधी." "मधीच यील त्यो. तुमी व्हा म्होरं हळूहळू, मी काढून यितो." "पाय टेकतोय का तुझा? बस म्हणतो ना! काढील कुणीतरी." श्रीमंत बसला. पुढची सतरा वर्षं यशया स्वतःला सांगत आला की हे त्याने श्रीमंताच्या पायासाठी केलं. निम्म्या वेळा ते त्याला पटायचंही. पण पायासाठी केलं असतं तर स्वतः उतरून दगड काढता आला असता, गाडी हलवायच्या आधी श्रीमंताला स्टिअरिंगवर बसवून. श्रीमंताला तेवढी गाडी येत होती. यशयाला ते सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण त्या वळणावर पुन्हा पाय ठेवायची त्याची हिंमत नव्हती, बस्स.

घरी आला तेव्हा तो स्टेलाजवळ लहान मुलासारखा रडला. "एका दगडाने वाचलो," एवढंच म्हणाला. तिने तिथल्या तिथे गुडघे टेकले, आणि येत्या रविवारी प्रार्थना ठेवायची हे ठरवूनच उठली. सकाळी तो ट्रकमधूनच श्रीमंताला दवाखान्यात दाखवायला घेऊन निघाला, वाटेत मार्केट यार्डाजवळच्या हॉटेलात चहाला थांबले. टेबलावर पेपर पडला होता. पाचव्या पानावर, खाली, चार ओळी. करंजी घाटात रस्त्यावर सोडलेल्या दगडावर आदळून मोटरसायकल पडली, समोरून येणाऱ्या जीपखाली सापडून दूध घेऊन जाणारा मच्छिंद्र नावाचा तरुण जागीच ठार. श्रीमंताला वाचता येत नव्हतं. वाचून न दाखवताही चाललं असतं. पण यशयाने वाचलं, का कुणास ठाऊक, कदाचित एकट्याने ते धरून ठेवणं त्याला जमेना. श्रीमंत म्हणाला, "परत वाचा." त्याने परत वाचलं. श्रीमंत म्हणाला, "माजा दगड हुता त्यो. मी लावला, मीच काढाय पायजे हुता." यशयाने म्हणायला हवं होतं, अरे, मीच नको म्हणालो. त्याने पेपरची घडी घातली. समोरचा माणूस आपल्या वाटणीचं ओझं स्वतःहून उचलत असला की आपण मधे पडत नाही, हा माणसाचा स्वभाव. श्रीमंताने केबिनमधली आपली पिशवी घेतली आणि लंगडत स्टँडकडे गेला. तो पुन्हा कामावर आला नाही.

रविवारी साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा ती बातमी यशयाच्या पोटात पाच दिवस होती. तो उठला, आणि श्रीमंताचं नाव त्याच्या तोंडातच आलं नाही. कारण दगड ठेवणारा माणूस आला की काढणारा माणूसही येतो. कुणी ठेवला म्हटलं की कुणी काढला हे कुणीतरी विचारणार. देवाने ठेवलेला दगड कुणी काढायचा असतो? म्हणून तो म्हणाला, "मागे काय होतं मला दिसलं नाही. उतरून बघतो तर चाकाखाली दगड." लोकांनी हुंदके दिले. त्या वेळचे म्हातारे पाळक डोळे पुसत म्हणाले, "तो हात कुणाचा होता, हे सांगायला नको." यशयाला वाटलं, आता वीज पडेल. पडली नाही. वरून चहा आला, खारी आली, आणि मेहुणा येऊन शेजारी बसला.

दगडाचं पुढे जे झालं ते तर त्याहून चमत्कारिक. आठवड्याने तो तिथून गेला तेव्हा डांबरावर सांडलेल्या दुधाचा पिवळट पापुद्रा होता आणि एक कुत्रं तो अजून चाटत होतं. दगड कुणीतरी कडेला, कठड्याशी नीट उभा करून ठेवला होता. दोन महिन्यांनी त्याला चुना लागला. वर्षाने शेंदूर. मग एक त्रिशूळ, एक भगवी पताका, आणि येता-जाता ड्रायव्हर हॉर्न देऊ लागले. घाट चढायच्या आधी नारळ फोडू लागले. ड्रायव्हरचं असंच. जिथे माणूस मेला तिथे देव बसवतात, म्हणजे मेलेल्याबद्दल काही विचारावं लागत नाही. यशया ख्रिस्ती माणूस, तो हात जोडत नव्हता, पण हॉर्न देत होता. न देऊन कसं चालेल? एकदा पुढची गाडी नारळासाठी थांबली म्हणून त्यालाही थांबावं लागलं. दगडाजवळ एक म्हातारी बसली होती, लंकाबाई नावाची, सगळे ड्रायव्हर तिला ओळखत होते. मच्छिंद्राची आई. फोडलेल्या नारळाचे तुकडे ती खिडकीतून ड्रायव्हरांच्या हातावर ठेवायची. त्याच्या हातावरही ठेवला. "घे रं बाबा, परसाद. दगड लावलास तं काढून जात जा." ती हे प्रत्येकालाच म्हणत होती, पुढच्या गाडीला आणि मागच्याही. पण त्याच्या खिडकीशी ती जरा थांबली, कदाचित त्याचा चेहरा बघून. "माजा ल्योक हितंच पडला. ज्यानं ठिवला त्याला आई न्हाई का? येक लंगडा मानूस येतो, चुना लावून जातो, बोलत न्हाई काय. त्योच असंल म्हन्तात लोक. मी म्हन्ते, त्यो नसंल. ज्यानं क्येलं त्यो कशाला यील?" यशया म्हणाला, "व्हय आई." मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्याने गिअर टाकला आणि चढ चढता चढता खोबरं खाल्लं. हातात धरून तरी किती वेळ बसणार? गोड होतं. त्यानंतर त्याने त्या रस्त्याचं भाडं घेतलं नाही, लांबच्या रस्त्याने जात राहिला, आणि काही वर्षांनी डोळ्यांचं निमित्त करून गाडीच सोडली.

घरी पोचल्यावर स्टेलाने आधी केक बघितला आणि मग दगड. "अहो, हा धोंडा कशाला आणलात?" "लागेल," यशया म्हणाला. त्याने तो दाराबाहेर चपलांच्या मांडणीखाली सारला आणि आंघोळीला गेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आरशात बघून वाक्यं जुळवली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाक्यं जुळवावी लागत होती. बाहेर माणसं जमत होती, खुर्च्या सरकत होत्या, खालून पाळकसाहेबांचा मोकळा आवाज आला. हे नवे पाळक, मार्कसाहेब, चाळिशीतले, सगळ्यांशी गोड. पहिलं गीत सुरू झालं. यशया हळूच दाराबाहेर गेला, मांडणीखाली वाकून बघितलं. दगड नव्हता. त्याने खुणेने दयाला बोलावलं. ती कुजबुजली, "पाळकसाहेबांच्या गाडीला लावला. आपल्या गल्लीला चढ आहे ना, आणि त्यांचा हॅण्डब्रेक धरत नाही. बरं झालं आणला होतात." तिला वाटलं पप्पांना आनंद होईल. ती हसली.

मग त्याने दगडाशिवाय सांगितलं. हात पुढे बांधले नाहीत, कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून खुर्चीची पाठ धरली. तो म्हणाला, दगड देवाने ठेवला नाही, श्रीमंत नावाच्या माणसाने ठेवला, त्याचा पाय त्यात गेला. दगड काढू नको असं मी म्हणालो. मी उतरलो नाही कारण मी घाबरलो होतो. त्या दगडावर मच्छिंद्र नावाचा दूधवाला पडून मेला आणि मला हे पहिल्या प्रार्थनेच्या आधी माहीत होतं. सतरा वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. सगळं बाहेर आलं, एक कणही मागे राहिला नाही. तो थांबला. जयाबाईंचं तोंड उघडंच होतं, कुठे हालेलूया म्हणायचं हे त्यांना या वेळी सापडलं नव्हतं. यशया वाट बघत होता. कुणीतरी उठून जाईल. मेहुणा मान खाली घालेल. निदान एखादा तरी विचारेल, त्या पोराच्या घरच्यांचं काय झालं? त्याला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की कुणीतरी आपल्याला शिवी द्यावी.

पाळकसाहेब उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "किती कोवळं मन आहे बघा," ते म्हणाले. "प्रभूने त्या दिवशी काकांचा नुसता जीव नाही राखला, मनही राखलं. एवढ्या वर्षांनी एवढं नम्र होणं, ही केवढी मोठी साक्ष आहे." जयाबाईंना जागा सापडली. "हालेलूया!" पाठोपाठ सगळे म्हणाले, "आमेन." यशया म्हणाला, "पाळकसाहेब, त्याचं नाव मच्छिंद्र होतं." "हो काका, हो. त्यांच्यासाठीही आपण मागू या," आणि डोळे मिटून त्यांनी भली मोठी प्रार्थना केली, तीत एके ठिकाणी "तो दूधवाला बंधू" येऊन गेला. श्रीमंताचं नाव आलंच नाही. मग केक कापला. मेहुणा बशी घेऊन शेजारी आला, म्हणाला, "या वर्षी ते चार बोटांचं राहिलं बरं का सांगायचं. लहान पोरं वाट बघत होती." यशयाने त्याच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. माणूस केक खात होता.

स्वयंपाकघरात स्टेला बशा विसळत होती. तिने वळून बघितलं नाही. "बातमी मीही वाचली होती," ती म्हणाली. "पेपर आपल्याकडेही यायचा." यशयाने विचारलं, "मग दर वर्षी प्रार्थना का ठेवत गेलीस?" "तुम्ही सांगाल म्हणून. पहिली चार-पाच वर्षं खरंच वाटायचं, आज सांगतील. मग नुसतीच ठेवत गेले." नळाचं पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "आज सांगितलं ना." तिने नळ बंद केला. "कुणाला सांगितलंत? केक खायला आलेल्यांना?" मग बशा पुसायला घेतल्या आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याची आई होती ना? आहे का अजून?" त्याला माहीत नव्हतं. माहीत होऊ नये म्हणून तर तो लांबच्या रस्त्याने जात होता. त्याला तिचा राग आला, भयंकर राग आला, आणि तिचं बरोबर होतं म्हणून तो आणखीच वाढला.

खाली गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत होते. तो गॅलरीत आला. पाळकसाहेब गाडीत बसत होते, मंडळी भोवती उभी राहून हात हलवत होती. "भेटू रविवारी!" इंजिन भुर्र झालं, गाडी चढावर हातभर पुढे झाली, चाकाखालून दगड सुटला, आणि गाडी तशीच पुढे वळणावरून निघून गेली. पाळकसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मंडळी "जय ख्रिस्त" म्हणत पांगली. दोघं-तिघं दगडाला वळसा घालून गेले, जयाबाईंनी तर साडी वर धरून तो ओलांडला. दगड गल्लीच्या मधोमध होता आणि दिवे लागायची वेळ झाली होती.

यशया जिना उतरला. वाकला. मघाची कमर आता म्हणाली, अजिबात नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, बोटं दगडाला लागली पण उचलायला जीव नव्हता, पायाने ढकलावा तर तोही हलेना. वरून दया ओरडली, "पप्पा, राहू द्या, मी येते, बशा आवरून येते!" खालच्या बाजूने एक दिवा येत होता. यशया दगडाच्या अलीकडे, गाड्यांच्या तोंडावर जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. मोटरसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. "काय ओ काका, मरायचंय का?" "दगड आहे इथे," यशया म्हणाला, "बाजूने जा." तो पुटपुटत गेला. मागून रिक्षा आली. त्याने हात वर केले आणि तिलाही तेच सांगितलं. दया अजून आली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तिसरा दिवा वळला आणि यशया घसा खाकरून तयार राहिला.